सुभेदारांच्या शेडमधली ऊनचोरी

"सातारा आन् सांगली, दोन जिल्ह्यांत मिळून डोकं एकच, आन् ते माझ्या मानेवर हाय," असं लालासाहेब स्वतःच सांगतात. दुसऱ्या कुणी सांगायची वाट बघत बसले असते तर जन्म गेला असता. साताऱ्याच्या पोलीस भरतीत छाती दोन बोटं कमी भरली, तेव्हापासून ते खाजगी गुप्तहेर आहेत. आजवर त्यांनी एकच गुन्हा उघडकीस आणला, शाळेची हरवलेली घंटा. ती तडकली म्हणून त्यांनीच डाग द्यायला नेली होती आणि विसरले होते. मी ज्ञानू, इस्लामपूरजवळच्या आमच्या गावचा शिंपी आणि त्यांचा मदतनीस. म्हणजे सायकल मी मारायची आणि मागं बसून विचार त्यांनी करायचा.

अठ्ठ्याहत्तर सालचा मे महिना होता. पलटणीतून निवृत्त झालेल्या सुभेदार हंबीररावांच्या बागेत, अवजारांच्या पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हावर चालणारा दिवा बसला. त्यांच्या जुन्या साहेबांनी पुण्याहून प्रयोगासाठी धाडलेला. छपरावर एक काळी काच, आत बॅटरी आणि तिला एक बल्ब. काचेनं दिवसभर ऊन प्यायचं आणि संध्याकाळी बल्बनं उजेड द्यायचा, अशी कामाची वाटणी. पहिल्या दिवशी फावड्यावरचा गंजसुद्धा स्पष्ट दिसला. दुसऱ्या दिवशी दिवा पेंगला आणि चौथ्या दिवशी गेलाच. गावात गुप्तहेर एकच असल्यामुळं सुभेदारांना निवडीला वाव नव्हता.

"तपास रोज संध्याकाळी साडेसहाला," लालासाहेबांनी ठरवून टाकलं.

"दिवसा जाऊन बघू की एकदा."

"ज्ञानू, दिवा कवा लावत्यात?"

"संध्याकाळी."

"मग त्यो बिघडतो कवा?"

मी सायकलीत हवा भरायला घेतली. दुपारी त्यांना झोप लागते हे मला ठाऊक होतं, आणि मलाही लग्नसराईत मशीन सोडवत नव्हतं. त्यात सुभेदारांनीही आठ दिवसांमागं एक खाकी गवसणी शिवून नेली होती, चारी कोपऱ्यांना नाड्या लावून. ट्रंकेची असेल म्हणून मी काही विचारलं नव्हतं.

पहिला संशयित शेजारचा मानसिंग. त्याच्या नारळाची सावली काचेवर पडते, ही सरळसरळ ऊनचोरी, असं लालासाहेबांचं म्हणणं.

"आवं, माझा नारळ दोन बांध पल्याड हाय," मानसिंग म्हणाला.

"सावली सरकती, हे तुला मान्य हाय का?"

"व्हय."

"लिही ज्ञानू. कबुली दिली."

दुसऱ्या दिवशी मानसिंग सुटला, कारण नवा शोध लागला. आपल्याकडचं ऊन लय जड, पुण्याच्या काचेला ते पचत नाही. सुभेदारांना हे पटलं, कारण त्यात गावाची स्तुती होती. पण दिवा काही त्यानं लागला नाही.

शुक्रवारी तिसरा सिद्धान्त आला, आणि माझं हसू तिथं थांबलं. सुभेदारांच्या मोकळ्या रानात जतकडचा मेंढपाळ बिराप्पा मेंढरं बसवून होता. रानाला खत मिळायचं, मेंढरांना विहिरीचं पाणी, असा दोघांचा शब्द. लालासाहेबांना शेडच्या दाराशी लोकर सापडली. दोनशे मेंढरं बसलेल्या रानात लोकर सापडावी, हे त्यांना फारच संशयास्पद वाटलं. त्यात बिराप्पाच्या हातात टॉर्च, आणि तिचा उजेड लखलखीत.

"दिव्याची वीज ह्यानं टॉर्चमध्ये भरली," लालासाहेबांनी भिंगातून बिराप्पाचं नाक तपासत जाहीर केलं. "चोरी कबूल कर."

"सेल बाजारातनं आणल्यात जी."

"समदे चोर हेच सांगत्यात."

सुभेदार ताठ उभे राहिले. "सकाळी मेंढरं हलव. हुकूम हाय."

"आवं, चार दिसांची कोकरं हायती," बिराप्पा म्हणाला. "जतच्या वाटंला घोटभर पाणी न्हाई. पाऊस पडस्तवर तरी ऱ्हाऊ द्या."

सुभेदारांनी पाठ फिरवली. ज्या सायकलीवरून हा गुप्तहेर तिथं पोचला ती मी मारली होती, त्यामुळं मला मनापासून लाज वाटली.

शनिवारी सकाळी आठला आम्ही पुन्हा तिथं होतो. आरोपी गाव सोडताना त्याचा चेहरा बघायचा असतो, म्हणून लालासाहेब आयुष्यात पहिल्यांदा लवकर उठले होते. बिराप्पा घोड्यावर बिऱ्हाड लादत होता. वर कोवळी कोकरं बांधली होती. इतक्यात सुभेदार बूट वाजवत आले, शिडी लावून शेडवर चढले, काळ्या काचेवर खाकी गवसणी चढवली आणि चारी नाड्यांच्या गाठी मारल्या. शिलाई माझीच होती. 

"एक इचारू का?" बिराप्पा म्हणाला.

"आरोपीनं प्रश्न इचारायचा नसतो," लालासाहेब म्हणाले.

"त्या काचंला ऊन लागतं न्हवं? मग सकाळ झाली की तिला झाकतासा कशापायी?"

सुभेदार शिडीवरूनच म्हणाले, "ड्युटी नसली की सामान झाकून ठेवायचं. अठ्ठावीस वर्षं पलटणीत हेच केलं. दिवा रातचा. दिवसा त्याला काय काम? संध्याकाळी सहाला काढतोच की मी."

बोलून झाल्यावर ते स्वतःच थांबले.

"म्हंजी मेंढरं दिवसभर कोंडायची आन् अंधार पडल्यावर चरायला सोडायची," बिराप्पा हळूच म्हणाला.

"मग इतके दिस बोलला का न्हाईस?" लालासाहेबांनी विचारलं.

"तुमी कबूल कर म्हणालासा. दुसरं कुणी काय इचारलंच न्हाई."

सुभेदारांनी गाठी सोडल्या. गवसणीची घडी घालून ते खाली उतरले आणि बिराप्पाकडं न बघता म्हणाले, "घोड्यावरचं सामान उतर. कोकरं सावलीला बांध. हुकूम हाय."

रविवारी संध्याकाळी दिवा लागला. लालासाहेबांनी वहीत लिहिलं, 'गुन्हेगार: खाकी कापड. शोध लावणारा: स्वतः.' सोमवारी सुभेदार ती गवसणी घेऊन माझ्या दुकानात आले. "ह्याची पिशवी शिव. पट्टा लांब ठेव, खांद्याला अडकली पायजे." कुणासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, पण दोन्हीकडून दुहेरी शिलाई घ्यायला मात्र सांगितलं.

दोन दिवसांनी विहिरीपाशी बिराप्पा मेंढरांना पाणी पाजत होता. खांद्याला खाकी पिशवी होती. माझ्या मागच्या कॅरियरवरून लालासाहेबांनी पाठीत बोट टोचलं.

"ज्ञानू, थांब. त्या पिशवीत काय असंल?"

"भाकरी."

"कशावरनं म्हणतोस?"

"सकाळी इचारलं त्याला."

लालासाहेबांनी वही काढली आणि पुन्हा खिशात घातली. "ही पद्धत बरी न्हवं गड्या," ते म्हणाले. "अशानं आपला धंदा बसंल."