नवग्रहवाले दिगंबरभाऊ

उसनी नेलेली पुस्तकं ढापणारे लोक मला पुष्कळ भेटले. पानांना तेलाचे डाग पाडणारे भेटले, कव्हरावर दुधाचा हिशेब मांडणारे भेटले. पण दुसऱ्याचं पुस्तक नेऊन, त्याचे पाच तुकडे करून, गोणी शिवायच्या दाभणाने प्रत्येक तुकड्याला सुतळी घालून, ते पाच गावांत पाच माणसांना वाटून टाकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे दिगंबरभाऊ.

चांदूर रेल्वेला स्टेशनकडून बाजारात येताना डाव्या हाताला त्यांचं ‘नवग्रह कृषी केंद्र’ होतं. बियाणं, खत आणि फवारणीची औषधं. पाटी वाचून लोकांना वाटायचं, माणूस शनीला तेल वाहणारा असणार. भाऊ शनीच्या वाटेलाही जात नसत. त्यांना वेड होतं ते शनीवर उतरणाऱ्या यानांचं. दुकानात एका फळीवर कीटकनाशकांच्या बाटल्या आणि समोरच्या फळीवर अंतराळवीर, यंत्रमानव, तीन डोळ्यांची माणसं. कॉमिक्स आणि कादंबऱ्या अशा ठासून भरलेल्या, की एक ओढली तर चार अंगावर यायच्या.

मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात या दुकानात सापडलो. दर रविवारी दुपारी तिथे बैठक असे. भाऊ, मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारे शकीलभाई, आणि आता मी. पुस्तक मिळायचं ते अकोल्याच्या रद्दीवाल्याकडे, तेही एकच प्रत. म्हणून रीत अशी, की ज्याने आठवड्यात जे वाचलं ते त्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी सरकीच्या पोत्यांवर बसून ऐकायचं. चार पोती गोलात मांडलेली असत. पहिल्या दिवशी मी चौथ्यावर टेकलो तर भाऊ एकदम म्हणाले, “तिथं नका बसू सर, ते पोतं फाटलेलं हाये.” पोतं चांगलं धडधाकट होतं. पण नव्या गावात पोत्यावरून कोण वाद घालतो? मी दुसऱ्यावर बसलो.

गोष्ट सांगणं सोपं नव्हतं. भाऊ मध्ये मध्ये खुंट्या ठोकत. मी सांगत होतो, मंगळावर माणसांनी काचेच्या घुमटाखाली शहर वसवलंय. भाऊंनी हात वर केला. “पेरलं काय थ्यायनं?”

“गहू, भाऊ.”

“वखरलं कायनं? अन् भाव कोन ठरवते तिथं?”

शकीलभाई कपाळाला हात लावत. “ओ भाऊ, आदमी मंगळपर पोचला, तुमचा अजून वखरच चालू हाये!”

“पोचनं सोपं हाये ना गड्या. राह्यनं पाह्य.” एवढं बोलून भाऊ माझ्याकडे वळत. “मंग, पुढे?”

‘मंग, पुढे?’ हे त्यांचं पालुपद होतं. गिऱ्हाइकाने तब्येतीची तक्रार केली तरी ते हेच विचारत.

पण खरी गंमत गिऱ्हाइकांची होती. कोणी फवारणीचं औषध मागायला आला, की भाऊ आधी चष्मा पुसून त्याचा चेहरा बघत. चेहरा पसंत पडला तर बाटली लगेच मिळे. नाही पडला, तर “स्टॉक नाई. उद्या येजो,” म्हणून त्याच्या हातात सुतळीने शिवलेला पुस्तकाचा तुकडा ठेवत. “भाग पहिला. वाचजो, अन् काय वाचलं थे मले सांगजो. मंग दुसरा देईन.”

“भाऊ, मले औषध पायजे. हे काय करू?”

“आयक, याच्यात एक मानूस चंद्रावर एकटाच राह्यला हाये. त्याचं यान उडून गेलं. आता तो काय करते, पाह्य.”

काही वैतागून दुसऱ्या दुकानात जात. काही मात्र दुसऱ्या दिवशी खरंच येऊन विचारत, “त्या चंद्रावरल्याचं काय झालं हो?” गावोगावी बातमी पसरली, की नवग्रहवाल्याकडे हसत गेलं म्हणजे औषध लवकर मिळतं. मग माणसं पायरीवर थांबून हसण्याची तयारी करून आत शिरू लागली. जो फार हसे त्याचा भाऊंना जास्तच संशय येई. त्याला भाग पहिला आणि दुसरा दोन्ही मिळत. नामदेवबुवा नावाचे एक म्हातारे होते. अक्षरओळख नाही, सूनबाई वाचून दाखवी. त्यांची फवारणी उरकून कापूस घरात आला तरी ते भाग मागायला येतच होते.

भाऊंना राग कशाचा येई, तर पुस्तक परत केल्याचा. जगात सगळे न परत करणाऱ्यावर चिडतात. इथे वाचलेला भाग आणून गल्ल्यावर ठेवला, की भाऊ खेकसत. “वापस काहून आनला? मांगतला होता का म्या? ठेव तुह्याजवळ. काईतरी बाकी राहू देत जा.” त्यामुळे वाचून झालेले भाग हातोहात पुढच्या गावांना जात, आणि भाऊंनी उसन्या नेलेल्या माझ्या कादंबऱ्यांची डोकी एका गावात आणि पाय दुसऱ्या गावात अशी स्थिती झाली. माझी बायको म्हणे, “तुमच्या पुस्तकांची तालुक्यात जत्रा फिरतेय.”

एकदा माझा संयम सुटला. माझी फार लाडकी कादंबरी होती, विद्यार्थी असताना जेवण चुकवून घेतलेली. भाऊंनी तिचेही तुकडे केले. मी भर दुकानात आवाज चढवला. भाऊ आपले दाभण चालवत राहिले. शकीलभाईंनी माझा दंड धरला आणि मला समोरच्या हॉटेलात नेलं.

“सर, तुमाले मधू मालूम नाई,” ते म्हणाले. “चौथ्या पोत्यावर तोच बसे. बाजूच्याच गावचा. आमच्यात सगळ्यात भारी गोष्ट तो सांगे. यान उडालं म्हंजे तोंडानं असा आवाज काढे, का या हॉटेलातले लोक कप घेऊन बाहेर येत. पन एक खोड होती. पुस्तक नेलं का वापस नाई. भाऊ दर रविवारी त्याले शिव्या देत.”

चहा आला. शकीलभाईंनी तो नुसताच बशीत ओतून ठेवला.

“एक दिवस आला. सगळे पुस्तकं घेऊन. पुसून, कव्हर घालून. हासून राह्यला होता. भाऊ म्हने, आज सूर्य कुठून निघाला बे! इतके खूश झाले सर, का त्याले भजे खाऊ घातले. जाता जाता त्यानं फवारनीचं औषध मांगतलं. भाऊनं खुशीत देऊन देल्लं.”

मी विचारलं, “मग?”

“मंग काय सर. दुसऱ्या दिवशी आमी दोघं त्याच्या गावाले गेलो.” शकीलभाई रस्त्याकडे बघत राहिले. “भाऊ अजूनबी तेच म्हनतात. पुस्तकं वापस आले, तवाच मले समजाले पायजे होतं.”

त्यानंतर मी भाऊंशी पुस्तकांवरून भांडणं सोडलं नाही. सोडलं असतं तर मला मधूचं समजलंय हे त्यांना कळलं असतं. फक्त नव्या पुस्तकांची आतली शिवण मीच आधी जरा सैल करून देऊ लागलो.

ती वर्षंच वाईट होती. सकाळी पेपर आला, की आम्ही शिक्षकसुद्धा आधी आतलं पान उघडत असू, काल कुठल्या गावात कोण गेलं ते बघायला. वर्गात हजेरी घेताना एखादा मुलगा गैरहजर असला, तर का ते विचारायची हिंमत होत नसे. आणि अशा दिवसांत हा माणूस तीन डोळ्यांच्या माणसांच्या गोष्टी सुतळीने शिवून गावं राखू बघत होता. मला त्याचं हसू येई, आणि हसून झाल्यावर मी पुढच्या पुस्तकाची शिवण सैल करायला घेई.

मग एका आठवड्यात भाऊंचा एक भाग अडला. माणूस दुसरा भाग घेऊन गेला होता आणि तिसऱ्यासाठी आला नाही. भाऊ रोज पायरीवर उभं राहून रस्ता बघत. चौथ्या दिवशी पेपरात गावाचं नाव आलं, खाली त्याचं नाव आलं. औषध त्याने दुसरीकडून घेतलं होतं. भाऊंनी पेपर घडी करून खताच्या पोत्याखाली सरकवला.

“सर,” ते मला म्हणाले, “भाग लई जाडा देल्ला म्या. पातळ द्याले पायजे होता. त्याले वाटलं असंन, एवढं कवा वाचू.”

मी म्हणालो, “भाऊ, त्यात तुमचा काय दोष?”

त्यांनी ‘मंग, पुढे?’ म्हटलं नाही. त्या दिवसापासून त्यांचं ते पालुपदच बंद झालं. रविवारी शकीलभाई जीव तोडून गोष्ट सांगत, यंत्रमानवाचा आवाज काढत, आणि भाऊ सरकीच्या पोत्याचा धागा ओढत बसत. मंगळावर काय पेरलं हेही त्यांनी विचारणं सोडलं. गिऱ्हाइकं आधीच तुटली होती. दिवाळीनंतर त्यांनी दुकानाला कुलूप लावलं. बायको कधीच वारली होती. मुलगी अकोल्याला नांदत होती, ती ‘बाबा, इकडे या’ म्हणून फोन करी, आणि हे ‘येतो’ म्हणत.

एका रविवारी सकाळी दिगंबरभाऊ माझ्या दारात उभे राहिले. अंगात इस्त्रीचा सदरा आणि खांद्यावर पोतं. ओट्यावर त्यांनी पोतं मोकळं केलं. माझी पुस्तकं होती, सगळी. गावोगाव फिरून त्यांनी भाग गोळा केले होते, जोडले होते, सुतळी काढून बारीक दोऱ्याने शिवले होते, वर खाकी कव्हर घातलं होतं. माझी ती लाडकी कादंबरीसुद्धा डोक्यापासून पायापर्यंत एकसंध होती.

“घ्या सर. पाहून घ्या. आता काई बाकी नाई.”

माझी बायको आतून आली आणि हरखली. “अगंबाई, परत आली एकदाची! बसा भाऊ, चहा टाकते.”

भाऊ हसले. छान, मोकळं हसले. इतक्या महिन्यांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मलाही क्षणभर आनंद झाला, आणि मग आठवलं. मधूही असाच हसत आला होता.

मी आत गेलो. टेबलावर अकोल्याहून नुकतीच आणलेली एक जाडजूड कादंबरी होती. ती घेऊन बाहेर आलो आणि भाऊंच्या समोर तिची पहिली पानं टरकन ओढली. आयुष्यात पुस्तक फाडायची माझी पहिलीच वेळ. ते धड फाटेना.

“ओ सर!” भाऊ ओरडले. “अहो, नवं पुस्तक हाये! फाडता काय? शिकलेले मानसं तुमी!”

“भाग पहिला आहे,” मी म्हणालो. “एक यान लांबच्या ताऱ्याकडे निघालंय. पोचायला पिढ्या लागणार, म्हणून सगळे झोपलेत. एकटा माणूस पहाऱ्याला जागा आहे. वाचा, आणि उद्या येऊन मला सांगा. मग दुसरा देईन.”

भाऊ माझ्याकडे बघत राहिले. मी काय करतोय ते त्यांना कळलं होतं. त्यांचीच विद्या होती ती. डोळे भरून आले तसे त्यांनी तोंड फिरवलं. “चष्मा घरी हाये माहा,” असं काहीतरी पुटपुटले.

“घरी जाऊनच वाचा. पण उद्या या. भाऊ, मी वाट पाहीन.”

त्यांनी पानं घेतली. शकीलभाईंना निरोप धाडून मी लगेच त्यांच्यामागे पाठवलं. बंद दुकानाची किल्ली शकीलभाईंनी मागून घेतली, आत उरलेली औषधं ज्या कंपन्यांची त्यांना परत करायची सोय लावली आणि रात्री झोपायला भाऊंकडेच गेले. मी अकोल्याला मुलीला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने यायची होती.

तो दुसरा दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. वर्गात प्रकाशाचा वेग चुकीचा सांगितला आणि पोरांनी दुरुस्त केला. संध्याकाळी पाचच्या सुमाराला फाटक वाजलं. भाऊ होते, मागे मुलगी. भाऊ चिडलेले होते.

“सर, एक सांगा,” पायरी चढता चढताच ते म्हणाले. “तो एकटा जागल करून राह्यला. बाकीचे निजून. ह्याले झोप लागली तर ह्याले कोन उठवते? लेखकानं लिवलंच नाई!”

मी भाग दुसरा त्यांच्या हातात दिला.

त्याला आता बरेच महिने झाले. मुलीने फार आग्रह केला, पण भाऊ अकोल्याला गेले नाहीत. तीच अधूनमधून येते, डॉक्टरांकडे घेऊन जाते. संध्याकाळी ते माझ्याकडे येतात, गोष्ट सांगतात, पुढचा भाग नेतात. चेहरा अजून बरा दिसत नाही. काही दिवशी तर नुसती पानं हातात धरून बसतात. मी भाग पातळ पातळ करत गेलो. तरी कादंबरी संपलीच. यान ताऱ्याजवळ पोचलं आणि लेखक मोकळा झाला. मग तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्याकडून मी पुढचे भाग टाइप करून घेऊ लागलो. म्हणजे लिहितो मीच. मला लिहिता येत नाही. गेल्या आठवड्यात जागल्याला नुसता ताप आणला आणि तीन भाग तेवढ्यावर काढले. शकीलभाई म्हणतात, “सर, बुखार उतरवा आता.”

कागद नवा आहे, छपाई वेगळी आहे, हे इतकी वर्षं पुस्तकं शिवलेल्या माणसाला दिसत नसेल? पण भाऊंनी त्यावर कधी एक शब्द काढला नाही.

काल मात्र फाटकापर्यंत जाऊन ते परत आले. हातात नवा भाग होता, त्याची सुतळी बोटाने चाचपत म्हणाले, “सर, ह्या लेखकाले आता काई सुचून नाई राह्यलं.”

“खरंय भाऊ,” मी म्हणालो. “फारच ढेपाळलाय.”

“ढेपाळू द्या,” भाऊ म्हणाले. “पन थांबू नको म्हना त्याले.”