तुरळक ठिकाणी पाऊस

बुधवारी सकाळी दहा वाजता कृष्णनाथांच्या घरावर एकही कौल नव्हतं, आणि नेमका त्याच वेळी त्यांच्या खिशातला मोबाइल वाजला.

चार दिवस ते हवामानावरच डोळा ठेवून होते. एप्रिलचा शेवटचा आठवडा, आणि आभाळाचं काही खरं नव्हतं. कुठे हरमलला शिंतोडे, कुठे डिचोलीला वीज. त्यातल्या त्यात बुधवार कोरडा दिसला म्हणून त्यांनी शाकारणीसाठी निलेश मेस्ताला बोलावलं. तो दोन माणसं घेऊन सावंतवाडीहून सकाळी सातलाच आला आणि तीन तासांत घर उघडं करून मोकळा झाला. कौलं अंगणात रचलेली. वर नुसते वासे आणि आभाळ.

कृष्णनाथांनी संदेश मोठ्याने वाचला. "पुढच्या तीन तासांत उत्तर गोव्यात तुरळक ठिकाणी गडगडाटासह पाऊस."

त्यांच्या बायकोच्या, देवकीच्या, हातातली केरसुणी थांबली. "तुरळक ठिकाणी म्हणजे खंय?"

"ता लिहूक नाय."

"मगे आमच्याकडेच," देवकी म्हणाली आणि भिंतीला टेकली.

निलेश वाशावरून खाली वाकला. "काका, तीन तासांत कौलां परत चढाची नाय. वाशांवरच्यो अर्ध्यो रिपी कुसल्यो, वजन पेलूच्यो नाय."

तेवढ्यात डोंगरामागून घरघर आली. तिघांनीही माना वर केल्या.

"मोप्याच्या विमानतळावरचा विमान ता," निलेश म्हणाला.

पेडण्याच्या बाजारातल्या दुकानदाराला फोन लावला, तर छपरावर घालायचं निळं प्लास्टिक नऊ वाजताच संपलेलं. उरला एकच इलाज, आणि तो देवकीने बोलून दाखवला. "अवो, गोपाळाक फोन लावा."

गोपाळ हा कृष्णनाथांचा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी त्याने वरच्या वाड्यावर स्लॅबचं घर बांधलं. वास्तुशांतीला पन्नास माणसांसमोर तो म्हणाला, "दादा, तूंय आता कौलां काढ नि स्लॅब घाल. दरवर्षी कटकट कित्याक?" कृष्णनाथ जेवणाच्या पानावरून उठले, ते पुन्हा ती चढण चढले नव्हते.

त्यांनी फोन लावला. "गोपाळ, घर उघडा पडला आसा. सामान ठेवूचा होता."

पलीकडून आवाज आला, "टेम्पो धाडतंय."

तीन खेपा झाल्या. कपाट, चार गाद्या, टीव्ही, तांदळाचं पोतं, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, आईवडिलांचे फोटो. शेवटच्या खेपेला देवकी देवाऱ्यातले देव मांडीवर घेऊन टेम्पोत पुढे बसली. गोपाळाचा हॉल दारापर्यंत भरला. भिंतीवर थाप मारून तो म्हणाला, "स्लॅब हो. हंय थेंब येवचो नाय." सामान त्याच्या दारात असल्यामुळे कृष्णनाथांना हे ऐकून घ्यावं लागलं. देवकीला तिथेच ठेवून ते घरी परतले.

साडेबारा वाजता डोंगरावर ढग उतरला. वारा सुटला आणि काजूची पानं थेट माजघरात येऊन पडली. पुन्हा गडगडलं. निलेश म्हणाला, "विमान," आणि घाईघाईने खाली उतरला. कृष्णनाथ रिकाम्या घरात मधोमध उभे राहून वर बघत होते. वरच्या वाड्यावर पांढरा पडदा सोडल्यासारखा पाऊस कोसळताना दिसत होता. अर्धा तास तो तिथेच कोसळला आणि थांबला. ऊन पडलं. कृष्णनाथांनी वाकून जमिनीवर हात फिरवला. ठणठणीत कोरडी.

ते कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसले, आणि मोबाइल वाजला.

"दादा," गोपाळ अगदी हळू बोलत होता, "जरा वयर येतस?"

निम्म्या चढणीवर रस्ता कोरड्याचा एकदम ओला झाला. गोपाळाच्या दारात ते थिजले. गच्चीवरून जिन्याच्या एकेका पायरीने पाणी शिस्तीत खाली उतरत होतं. ऑक्टोबरपासून पडलेल्या फणसाच्या पानांनी गच्चीची मोरी बुजली होती. गच्ची टाकीसारखी भरली आणि पाण्याने जिन्याचा दरवाजा शोधला. हॉलमध्ये घोट्याच्या वर पाणी. चारही गाद्या त्यात बसल्या होत्या. देवकी देव घेऊन जेवणाच्या टेबलावर, शेजारी गोपाळाची बायको यशोदा सासूसासऱ्यांचे फोटो छातीशी धरून.

"स्लॅबातसून थेंब इलो नाय," गोपाळ हातात खराटा घेऊन म्हणाला. "जिन्यातसून इलो."

कृष्णनाथांनी दोन वर्षं या माणसासाठी किती वाक्यं तयार करून ठेवली होती. "देव भिजले?" त्यांनी विचारलं.

"देव नाय," देवकी म्हणाली. "गाद्यो गेल्यो."

"आमच्योय तीन," यशोदाने सांगितलं. "नि लाइट पण नाय, भावोजी."

"चला घराक," कृष्णनाथ म्हणाले.

"कोणाच्या?" गोपाळाने विचारलं.

"माझ्या. ता सुका आसा."

टेम्पोच्या आता चार खेपा झाल्या, कारण गोपाळाचंही सामान होतं. तीन वाजता सात गाद्या माजघरात पसरलेल्या होत्या आणि त्यांच्यावर सरळ ऊन पडत होतं. यशोदा चुलीपाशी डोक्यावर पदर घेऊन चहा करत होती. गोपाळ भावाच्या घरात छत्री उघडून बसला होता. वाशांच्या सावल्यांचे पट्टे त्याच्या पायांवर पडले होते.

"दादा, उजेड बरो येता हो," तो म्हणाला. हा टोमणा आहे का, हे कृष्णनाथांनी नीट निरखून पाहिलं. चेहऱ्यावर धक्क्याशिवाय काही नव्हतं.

वरून निलेशने हाक दिली. "काका, रिपी झाल्यो. कौलां चढवू?"

देवकीने एक गादी दाबली. पाण्याची धार लागली.

"नको," कृष्णनाथ म्हणाले. "आज नको. गाद्यो सुकांदी."

"नि पाऊस इलो तर?"

गोपाळाने छत्री जराशी बाजूला केली, आणि कृष्णनाथ तिच्याखाली जाऊन बसले.