बारा डिग्रीवरचा पाहुणचार

पाहुण्याला खूश करावं तर मीच, असा माणूस अख्ख्या शहादा तालुक्यात दुसरा शोधून दाखवा! मुलीकडचे असोत, बँकेचे असोत, माझ्या ओट्यावर बसलेला पाहुणा 'नाही' म्हणून उठलेला नाही. असं मी परवा-परवापर्यंत सांगत असे. आता सांगत नाही. ऐकायलाही कोणी बसत नाही म्हणा.

माझं नाव हेमकांत. तापीकाठी केळीचा बाग आणि लोणखेड्याच्या रस्त्याला केळी पिकवायच्या दोन थंड खोल्या. कच्ची केळी आत रचायची, खोली सोळा डिग्रीवर ठेवायची, गॅस सोडायचा, की चार-पाच दिवसांत पिवळीजर्द. बाग माझा, खोल्या मात्र धाकट्या भावाच्या हिकमतीवर उभ्या राहिल्या. हा योगेंद्र सुरतेची बरी नोकरी सोडून गावी आला. त्याची बायको कामिनी शहाणी. तिने एका वर्षाची मुदत दिली होती. कोणा मोठ्या कंपनीशी करार झाला तर मुलांची नावं इकडच्या शाळेत, नाही तर बिऱ्हाड परत सुरतेला.

वर्ष सरत आलं आणि पुण्याच्या एका निर्यात कंपनीचे साहेब केळी बघायला येणार असं कळलं. योगेंद्र म्हणाला, आपला माल बोलेल. मला हसू आलं. अरे, माल कधी बोलतो का? बोलतो तो पाहुणचार! मी कंपनीच्या शहाद्यातल्या एजंटाला गाठून साहेबांची आवड काढली. साहेब बाकी कशाला शिवत नाहीत, पण पिनो न्वार नावाची लाल वाइन दिसली की विरघळतात.

आणि ती माझ्या कपाटात होती! माझी मुलगी भूमिका न्यूझीलंडला असते, पार दक्षिणेला, वर डोंगरावर बर्फ आणि खाली द्राक्षाचे मळे. गेल्या महिन्यात आली तेव्हा एक बाटली घेऊन आली. म्हणाली, ही एकाच जातीच्या द्राक्षाची असते, दुसरी जात त्यात मिसळत नाहीत.

"मंजे आपला समाजसारखंच," सरला म्हणाली. सरला माझी बायको. तिच्या तोंडाला मी लागत नाही.

भूमिकाने जाताना बजावलं होतं की ही थंड मुलखातली आहे, उन्हात ठेवली तर वाया जाईल. आणि इकडे मे महिना. ओट्यावर पापड ठेवला तर भाजून निघेल असं ऊन. फ्रीजचं विचारलं तर सरलाने दारात उभं राहून सांगितलं, "दारूनी बाटली मन्हा फ्रीजमा नही." आत देवाच्या नैवेद्याचं दूध असतं म्हणे. शिळी शेवभाजी असते ती चालते!

मग माझं डोकं चाललं. जिल्ह्यात थंड हवा विकत घेतलेली माणसं आम्हीच की! दोन नंबरची खोली रिकामी पडली होती. मोबाइलवर बघितलं, पिनो न्वार किती डिग्रीवर ठेवायची. पहिलाच आकडा दिसला बारा. पुढे बरंच काय काय लिहिलं होतं, पण चष्मा घरी राहिला होता. बारा तर बारा. बाटली खोलीत रिकाम्या क्रेटमागे आडवी ठेवली आणि खोल्या सांभाळणाऱ्या भिलाला बोलावून दम भरला. काटा बारावरून हलला तर तुझी नोकरी हलली. कोणाला बोलायचं नाही, योगेंद्रला तर मुळीच नाही, आणि फोनवर तर या खोलीचं नावही काढायचं नाही. योगेंद्रला असले पाहुणचार खपत नाहीत. तत्त्वाचा माणूस. तत्त्वं असली की लवकर परत जावं लागतं, हे मी त्याला किती वेळा सांगितलं होतं.

एवढं करून मी निघालो नंदुरबारला, काचेचे लांब दांड्याचे ग्लास आणायला. स्टीलच्या पेल्यातून द्यायची की काय साहेबांना?

तिथे भिलाचा फोन आला. "भाऊ, ती खोलीमा योगेंद्रभाऊनी..."

मी लगेच तोडला. खोलीचं नाव काढायचं नाही म्हटलं होतं ना! त्याने पुन्हा लावला, मी पुन्हा कापला. तिसऱ्यांदा मी इतका ओरडलो की दुकानदाराने ग्लास माझ्या हातातून काढून घेतले. मग भिला गप्प झाला. गप्प बसणारी माणसं मला फार आवडायची तेव्हा.

झालं होतं असं. एक नंबरचं मशीन बिघडलं. योगेंद्रने साहेबांसाठी एक-एक फणी निवडून काढलेला माल उचलून दोन नंबरमध्ये रचला आणि काटा सोळावर केला. तो घरी जेवायला गेला आणि भिलाने काटा परत बारावर आणला. योगेंद्र बाहेरून काटा बघायला येई तेव्हा सोळा, पाठ फिरली की बारा. गरीब माणूस, दोन भावांमध्ये सापडला आणि मोठ्याचं ऐकलं. आता केळीचं असं आहे की तेराच्या खाली तिला हीव भरतं. मग ती पिकत नाही, नुसती राखेसारखी काळवंडते. हे भिलाला माहीत, योगेंद्रला माहीत, मला तर लहानपणापासून माहीत.

साहेब आले. मी त्यांना ऑफिसात बसवलं, योगेंद्र खोलीकडे माल आणायला गेला. आता बाटली काढायला मी तिकडे गेलो असतो तर त्याला दिसलं असतं, पण मी हुशार! सकाळीच काढून, ओल्या फडक्यात गुंडाळून टेबलाखाली ठेवली होती. खोलीतल्या अंधारात हात घालून काढली होती, बाजूला काय रचलंय ते बघितलंसुद्धा नाही. साहेबांनी बाटली हातात घेतली, लेबल वाचलं, आणि त्यांचा चेहरा खरंच विरघळला हो!

"या उन्हात एवढी छान कशी राखलीत?" त्यांनी विचारलं.

बस, हाच प्रश्न मला हवा होता. मी छाती काढून म्हणालो, "बारा डिग्रीवर, साहेब! तीन दिवस, आमच्याच पिकवणीच्या खोलीत. काटा हलू दिला नाही."

दारात योगेंद्र उभा होता. हातात एक फणी, करडी, काळे डाग पडलेली. त्याने ती बाटलीच्या शेजारी ठेवली. साहेबांनी एकदा फणीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"सोळावरही चालली असती ही," ते हळूच म्हणाले.

योगेंद्र ओरडला असता तर बरं झालं असतं. मी त्यालाही गप्प केलं असतं. तो एवढंच बोलला, "भाऊ, त्या बाटलीना जीव समाळा तू. मन्हा मालना नही."

साहेबांनी करार केला नाही. बाटली मात्र मी दिली म्हणून नेली. चांगल्या पाहुण्याने नाही म्हणू नये. योगेंद्रचा सगळा माल गुरांपुढे टाकला, आणि त्याच आठवड्यात त्यांचं बिऱ्हाड टेम्पोत चढलं. मी स्टेशनपर्यंत सोडतो म्हणालो, तर कामिनी म्हणाली, राहू द्या, तुम्हाला पाहुणे असतील. पोरांनी मला वाकून नमस्कार केला. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

काल साहेबांचा फोन आला. म्हटलं, एक संधी देतायत, योगेंद्रला आत्ता सुरतेहून बोलावतो. तर साहेब म्हणाले, वाइन अप्रतिम होती, तशी अजून एखादी मिळेल का, आणि मिळाली तर तुमच्याकडेच ठेवाल का?

ठेवतो म्हणालो. दोन्ही खोल्या रिकाम्याच आहेत.