व्याह्यांचे दात आणि उन्हाचं पाणी

"आजपासून या घरात आंघोळीच्या पाण्यासाठी विजेचा एक थेंबही खर्च होणार नाही!"

मीटरकाकांनी ही घोषणा अंगणात, खुर्चीवर बसून, उजवा हात सूर्याकडे उंचावून केली. त्यांच्या मते हा क्षण ऐतिहासिक होता. श्रोतृवर्गात एकट्या काकू होत्या. त्यांनी घोषणा शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं,

"बरं. मग गिझरचं कव्हर धुवायला टाकू का?"

मीटरकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. वीज कंपनीच्या कचेरीत लोकांची बिलं तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि निवृत्तीनंतर तपासायला घरचंच एक मीटर उरलं होतं. आजाऱ्याची नाडी बघावी तसे ते सकाळ-संध्याकाळ त्याच्यासमोर उभे राहत. गिझरचं बटण दाबलं गेलं की मीटर पळायचं, मीटरबरोबर काकांचा रक्तदाब पळायचा आणि "कोण न्हातंय?" अशी डरकाळी घरभर घुमायची. घरात दोनच माणसं. त्यामुळे उत्तर शोधणं अवघड नसे.

काकूंची तऱ्हा वेगळी. त्यांना कुठलीही वस्तू उघडी पडलेली बघवत नसे. मिक्सरला कव्हर, फ्रिजला कव्हर, फ्रिजच्या हँडलला त्याच कापडाचं धाकटं कव्हर. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत. सोफ्यावर चादर आणि चादर मळू नये म्हणून चादरीवर पंचा. जावई पहिल्यांदा घरी आला, तेव्हा काकूंनी त्याच्याकडे अशा माप घेणाऱ्या नजरेनं पाहिलं, की काकांना क्षणभर भीतीच वाटली होती.

तर सोलर बसला. गच्चीवर काचेच्या नळ्यांची उतरती रांग आणि तिच्या डोक्याशी लठ्ठ टाकी. काकांचे गुडघे गच्चीचा जिना पाहूनच कुरकुरत, म्हणून त्यांनी सगळ्या कामावर अंगणातून देखरेख केली. म्हणजे वर प्लंबर पाना फिरवी आणि खाली काका मान फिरवीत. जुना गिझर त्यांनी लगोलग शेजारच्या दातांच्या डॉक्टरांना देऊन टाकला, धुतलेल्या कव्हरासकट.

"राहू दे हो अडीअडचणीला," काकू म्हणाल्या.

"अडचण? ज्या गावात दुपारी गार नळालासुद्धा चटका बसतो, तिथं गरम पाण्याची अडचण?"

"मग दुपारीच आंघोळ करा की. सोलर तरी कशाला?"

"अगं, पहाटे हवं ना! पहाटे कशी हुडहुडी भरते ते विसरलीस? हे यंत्र दिवसभराचं ऊन धरून ठेवतं. फक्त एकच काळजी घ्यायची." काकांनी आवाज खाली आणला. "धूळ! काचेवर धूळ बसली की खेळ खलास. डोळ्यांत तेल घालून जपायला हवं!"

काकूंनी मान हलवली. या वाक्याकडे वाचकांनी लक्ष ठेवावं. काकांनी ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळातून असं वाफाळतं पाणी आलं, की काका आंघोळीत चक्क गायले. आणि त्याच सकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, आमचे सासरे उद्या तिकडे येताहेत. आठवडाभर राहतील. आणि तुमचं पाणी बघणार आहेत."

"पाणी?"

"सोलरचं! इथे एक गिझर आणि घरभर माणसं. माझा नंबर सगळ्यात शेवटी. रोज बस चुकते, रोज साहेबांची बोलणी खाते. मी सोलरचं काढलं, तर ते म्हणाले, तुझ्या वडिलांकडे राहून बघतो, मग ठरवू. बाबा, माझी बस आता तुमच्या हातात आहे!"

"निर्धास्त राहा," काका छाती फुगवून म्हणाले. "तुझे सासरे इथून जातील ते गोरे होऊन जातील!"

व्याही आले. अत्यंत सभ्य माणूस. इतके सभ्य, की कुणी त्यांच्या पायावर पाय दिला तरी तेच आधी माफी मागत. रात्री झोपताना त्यांनी आपले वरचे-खालचे दात काढून बेसिनजवळच्या वाटीत ठेवले, त्याबद्दलही काकूंची परवानगी घेतली.

सकाळी पहिल्या आंघोळीचा मान अर्थातच पाहुण्यांचा. काका न्हाणीघराबाहेर परीक्षेच्या निकालाला उभे राहावेत तसे उभे. आत नळ सुरू झाला. मग "हूं!" असा एक आवाज. मग बराच वेळ नुसती नळाची धार. शेवटी व्याही बाहेर आले. ओठ जांभळे, कानांच्या पाळ्या थरथरत.

"कसं होतं पाणी?" काकांनी विचारलं.

व्याही सभ्यतेची पराकाष्ठा करत म्हणाले, "ताजं होतं."

"बघितलंस?" काका काकूंकडे वळले. "ताजं! दुसऱ्या कुणाला सुचेल हा शब्द?"

आणि विजयी मुद्रेने ते स्वतः आत शिरले. तांब्या डोक्यावर ओतला आणि त्यांना त्यांचे सगळे पूर्वज ओळीने दिसले. पाणी कसलं, बर्फाचा सख्खा भाऊ!

बाहेर येऊन ते काकूंच्या कानाशी पुटपुटले, "सगळं संपवलं!"

"कुणी?"

"तुझ्या व्याह्यांनी! टाकीभर गरम पाणी! माणूस आहे की म्हैस? आणि वर म्हणतो ताजं होतं!"

"अहो, हळू बोला. पाहुणा माणूस आहे. होऊ दे थोडी चैन."

दुसऱ्या दिवशी काकांनी धोरण आखलं. व्याही आत जाताच त्यांनी दारावर हलकेच टकटक केली.

"होतंय ना नीट?"

"हो हो!"

जरा वेळानं पुन्हा टकटक. "झालं का?"

आत व्याही एका हातात साबण आणि एका हातात गारठलेला तांब्या धरून अंगावर पाणी घ्यायचं धैर्य गोळा करत होते. ही टकटक ऐकून त्यांनी धैर्याचा नाद सोडला, टॉवेल भिजवला, अंगावरून फिरवला आणि बाहेर आले. मागोमाग काका आत. पाणी पुन्हा तसंच! इतक्या अल्पावधीत टाकी रिकामी करणाऱ्या माणसाबद्दल आता त्यांच्या मनात रागाबरोबर आदरही दाटला.

तिसऱ्या सकाळी व्याही गालावर हात धरून म्हणाले, "दातात कळ येते आहे. जरा शेजारच्या डॉक्टरांना दाखवून येतो."

"या, या!" काका म्हणाले. हे बाहेर पडले तर आपल्याला गरम पाणी मिळेल, हा स्वार्थी विचार त्यांच्या मनात आला नाही, असं आम्ही म्हणणार नाही. ते धावत न्हाणीघरात गेले आणि कुडकुडत परत आले. व्याही घरात नसताना पाणी कुणी संपवलं? प्लंबरला फोन केला. "साहेब, ऊन असेल तर पाणी तापणारच," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. ऊन तर असं पडलं होतं, की अंगणातल्या खुर्चीवर बसवत नव्हतं!

चौथ्या सकाळी पुन्हा व्याह्यांची दाढ ठणकली. बगलेत कापडी पिशवी मारून ते गेले. जाताना त्यांनी शब्दांऐवजी खुणांनीच निरोप घेतला.

"बिचाऱ्यांना फारच त्रास दिसतोय," काकू हळहळल्या. बेसिनपाशी जाऊन त्यांनी तोंडावर पाणी मारलं आणि तिथूनच ओरडल्या, "अहो! इकडे या आधी!"

"काय झालं?"

"व्याही गेले ना दात दाखवायला?"

"गेले."

"मग हे काय?"

वाटीत व्याह्यांचे दात होते. वरचे आणि खालचे, सगळेच्या सगळे. काकांकडे बघून ते प्रसन्नपणे हसत होते.

काका तडक शेजारी निघाले. काकू पदर खोचून मागे. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत गाल सुजलेला एक रोगी बसला होता. आतून पाणी पडल्याचा आवाज येत होता आणि त्यावर कुणीतरी मोठ्या आनंदात ताना घेत होतं.

"आत काय चाललंय?" काकांनी रोग्याला विचारलं.

"मला वाटलं, दाढ काढताहेत," रोगी भेदरून म्हणाला. "पण माणूस फारच खूश आहे हो!"

तेवढ्यात आतलं दार उघडलं. वाफेच्या ढगातून व्याही प्रकटले. लालबुंद चेहरा, ओले केस, खांद्यावर टॉवेल आणि तोंडाचं पार बोळकं! त्यांच्यामागे भिंतीवर काकांचा जुना गिझर, फुलाफुलांच्या कव्हरात, दिवा लावून बसला होता.

"दाताला गेला होतात ना?" काका म्हणाले.

"हो... म्हणजे... गेलो होतो."

"दात पाहताना केस ओले होतात?"

व्याह्यांनी मान खाली घातली. डॉक्टर मध्ये पडले. "काका, रागावू नका. परवा कुंपणापाशी हे उभ्यानं थरथरत होते. मला वाटलं, ताप आहे. विचारलं तर म्हणाले, 'नाही, आंघोळ झाली.' म्हणून मीच बोलावलं."

"पण तुम्ही तर पाणी ताजं होतं म्हणालात!"

"अहो, मुलीचे वडील तुम्ही," व्याही कळवळून म्हणाले. "एवढ्या हौसेनं बसवलंय. तोंडावर कसं सांगू, की मला त्या तांब्यानं मारून टाका, पण त्यातलं पाणी ओतू नका?"

"म्हणजे गरम पाणी तुम्ही संपवत नव्हता?"

"आधी आलं पाहिजे ना संपवायला!"

काकांच्या डोळ्यांपुढून लेकीची बस धूळ उडवत निघून गेली. त्यांनी काकूंकडे पाहिलं. "आणि तू? तूही इतके दिवस गारच पाण्यानं..."

काकू चाचरल्या. "मी आपलं सगळ्यांच्या आधी उठून गॅसवर पातेलंभर तापवून घेते. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलले नाही."

"चला गच्चीवर!" काका गरजले.

गुडघ्यांनी तक्रार केली, काकांनी ती फेटाळली. त्यांच्यामागे काकू, व्याही, डॉक्टर आणि काय होतंय ते बघायला गाल धरून तो रोगीसुद्धा. शेवटची पायरी चढून काका जे थबकले ते थबकलेच.

काचेच्या नळ्या दिसतच नव्हत्या. त्यांच्या जागी, अगदी मापात बेतलेलं, जाड पडद्याच्या दुहेरी कापडाचं, आतून रेक्झिन लावलेलं एक देखणं कव्हर होतं. चारी कडांना झालर. बाजूला बटणं. वाऱ्यानं उडू नये म्हणून नाड्या, आणि प्रत्येक नाडीची नीट गाठ.

"हे... हे काय आहे?"

"कव्हर," काकू म्हणाल्या. "व्याही यायच्या आदल्या दिवशीच शिवलं. तुम्हीच नाही का म्हणालात, धूळ बसली की खेळ खलास?"

"अगं, पण हे यंत्र उन्हावर चालतं!"

"मग ऊन लागतंय की! हात लावून बघा, कसं तापलंय कापड!"

"कापड तापून काय उपयोग? काचेला ऊन दिसायला नको?"

"रिमोट पिशवीत असतो, तरी टीव्ही लागतो की नाही?" काकूंनी बिनतोड सवाल टाकला.

काकांनी मदतीसाठी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर आकाशाकडे बघत होते. रोगी हळूच म्हणाला, "टीव्ही लागतो, हे मात्र खरं आहे." आणि मग व्याही हसायला लागले. आधी सभ्यपणे, मग पोट धरून, मग दात नसलेलं तोंड उघडं टाकून! काकूंना आधी राग आला, मग हसू आलं. काका मात्र गंभीरपणे एकेक गाठ सोडत राहिले. काकूंची गाठ, सुटता सुटत नव्हती.

कव्हर निघालं. ऊन नळ्यांवर तुटून पडलं. दुपार उलटायच्या आत व्याह्यांनी नळाखाली बोट धरलं, "ओय!" म्हणून मागे घेतलं आणि वाटीतले दात घालून सुनेला फोन लावला.

"सूनबाई, पाणी पाहिलं. आपण बसवून टाकू. फक्त एक करायचं. तुझ्या आई आपल्याकडे आल्या, की शिवणयंत्र कपाटात ठेवायचं."

पलीकडून लेक काहीतरी आनंदानं ओरडली. काकांच्या जिवात जीव आला. बस मिळाली!

"आता पहिली आंघोळ माझी!" काकांनी जाहीर केलं. "विजेचा एक थेंबही न जाळता!" टॉवेल खांद्यावर टाकून, ताना घेत ते न्हाणीघरात शिरले. गरम नळ सोडला. बादलीतून वाफेचा असा लोट उसळला, की भिंतीवरचा आरसा आंधळा झाला. वा! विसणाला म्हणून त्यांनी गार नळ सोडला आणि बोट झटकन मागे घेतलं. गच्चीवरची गार पाण्याची काळी टाकी, त्या टळटळीत उन्हात, सोलरच्या शेजारीच बसलेली होती.

बाहेर काकू आणि व्याही बसले होते. आतल्या ताना थांबल्या. मग दार बोटभर उघडलं आणि आतून अगदी मवाळ स्वर आला,

"अगं, ऐकतेस का? फ्रिजमधली गार पाण्याची बाटली तेवढी दे."