फडतरेकाकूंकडून बोलावणं

आमच्या बिल्डिंगमध्ये कोणालाही इंटरनेटवरून कॉल केला, तरी तो आधी दुसऱ्या मजल्यावरच्या फडतरेकाकूंच्या मोबाईलवर वाजतो. मग काकू गॅलरीत येऊन हाक मारतात, आणि ज्याचा कॉल असेल तो काकूंकडे जाऊन बोलतो.

पूर्वी अख्ख्या बिल्डिंगमध्ये फोन एकट्या काकूंकडे होता. सगळे जण त्यांचाच नंबर द्यायचे आणि पुढे 'पी.पी.' लिहायचे. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा आहे, बोलावून देतील. पुढे काकूंनी तो फोन काढून टाकला. कॉल मात्र यायचे थांबले नाहीत. इंटरनेटवाल्यांचा माणूस येऊन सगळं तपासून गेला. म्हणाला, "लाईन एकदम क्लिअर आहे. कॉलना वळण लागलंय. त्याला आम्ही काय करणार?"

कोणाचीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती फक्त माझ्या ताईची, मयुरीची. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. ताईला नोकरी पाहिजे होती आणि मुलाखती हल्ली इंटरनेटवरच होतात. पहिल्या मुलाखतीला ती खाली पोचली तेव्हा काकू साहेबांना विचारत होत्या, "तुमच्याकडे मुली टिकतात का? नाही, आधी विचारलेलं बरं." दुसरीला ताईला इतका दम लागला होता की साहेब म्हणाले, "तब्येतीला जपा," आणि कॉल ठेवला.

मग नागपूरच्या एका कंपनीनं वेळ दिली. ताई म्हणाली, "ही नोकरी मी सोडणार नाही."

आधी तिनं काकूंकडेच जाऊन बसायचं ठरवलं.

"बस की," काकू म्हणाल्या. "पण हाक मारल्याशिवाय मी कोणाला फोन देत नाही."

"मी तुमच्या समोरच असेन ना, काकू."

"असशील गं. पण मी हाक मारणार वर, आणि वर तू नसशील. मग घरी नाहीये असंच सांगावं लागेल ना मला? खोटं बोलायचं वय राहिलं नाही आता."

ताई वर परत आली.

ताईनं जिन्याचा सराव सुरू केला. मी काकूंच्या आवाजात हाक मारायची आणि तिनं खाली पळायचं. हाक कधी मारायची ते ठरलं नव्हतं. त्यामुळे मी ती जेवताना मारली, ती केस धूत असताना मारली, आणि तिला बघायला पाहुणे आले होते तेव्हाही मारली. ताई दरवेळी गेली. आई पाहुण्यांना म्हणाली, "सराव चाललाय तिचा." पाहुणे म्हणाले, "चालू द्या."

मुलाखतीच्या दिवशी मी काकूंच्या घरी जाऊन बसलो. कॉल वाजला तसा फडतरेकाकांनी टीव्हीचा आवाज बंद केला. काकूंनी फोन घेतला. स्क्रीनवर बनियनमधले एक आजोबा पोहे खात होते.

"नमस्कार जी. मी मेश्राम, पहिल्या मजल्यावरचा. आमच्या बिल्डिंगचे सारे कॉल माझ्याकडूनच जातात. ठवकर साहेबांना बोलावतो, थांबा जरा."

"बोलवा, बोलवा. मी पण आमच्या मुलीला बोलावते."

दोघांनी आपापल्या गॅलरीत जाऊन हाका मारल्या.

ताई आधी पोचली. स्टुलावर बसली, ओढणी नीट केली. बऱ्याच वेळानं तिकडून टाय लावलेले साहेब आले आणि मेश्रामांचा खांदा धरून उभे राहिले. त्यांना बोलता येत नव्हतं.

"आठव्या मजल्याचे आहेत जी," मेश्राम म्हणाले. "लिफ्ट बंद आहे."

"सावकाश, सर," ताई म्हणाली. "मी आहे."

साहेब पाणी प्यायले. मग म्हणाले, "तुम्ही कितव्या मजल्यावरून आलात?"

"पाचव्या."

"दम नाही लागला?"

"लागायचा. आता सवय झाली."

साहेबांनी ते लिहून घेतलं. "काम घरूनच आहे. आमच्या ग्राहकांना इंटरनेटवरून कॉल करायचे आणि तक्रारी विचारायच्या. ते परत कॉल करतील तेव्हाही तुम्हीच बोलायचं. जमेल?"

"जमवीन."

साहेबांनी काकूंकडे बघितलं. "तुमची काही अडचण?"

"दुपारी दोन ते चार मी झोपते. आणि गुरुवारी दत्ताला जाते."

"मेश्राम, तुमची?"

"मले काय अडचण जी."

"मग दोन ते चार जेवणाची सुट्टी," साहेब म्हणाले, "आणि आठवड्याची सुट्टी गुरुवारी. सोमवारपासून लागा कामाला."

सोमवारी ताईनं परभणीच्या एका ग्राहकाला पहिला कॉल लावला. इथून केलेला कॉलही काकूंच्याच फोनवरून गेला. काकूंची हाक संपायच्या आत ताई खाली होती. समोर एक बाई होत्या, पिठानं भरलेल्या हातांच्या.

"गजानन आमच्या शेजारचा," त्या म्हणाल्या. "आत्ताच हाक मारली त्याला. पण तो दळण आणायला गेलाय म्हणे."

"येऊ दे," ताई म्हणाली. "मी थांबते."

काकूंनी तिच्यापुढे निवडायला मेथी ठेवली.