शेवडेकाकांची गरम फरशी

सिंगापुरात बारा महिने घामाच्या धारा लागतात. इथे माणसं काही घ्यायचं नसलं तरी नुसत्या गारव्यासाठी मॉलमध्ये जाऊन बसतात. अशा गावात स्वतःच्या घराची फरशी खालून तापवून घेणारा एकच माणूस माझ्या माहितीत आहे, आणि तो आमचा शेजारी आहे.

शेवडेकाका सत्तरीच्या उंबरठ्यावर आहेत. वुडलँड्सच्या आमच्या जुन्या ब्लॉकमध्ये लिफ्टला लागून त्यांचा फ्लॅट. मूळचे ठाण्याचे, तरुणपणी इथे आले ते तांजोंग पगार भागातल्या उंच इमारती गार करायला. म्हणजे एअरकंडिशनिंगचे इंजिनियर. "अर्धं सिंगापूर मी गार ठेवलंय," असं ते लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसालाही सांगतात. घरात त्यांचा एसी कायम अठरावर. त्यांच्याकडे चहाला जायचं म्हणजे मी पायमोजे घालून जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचं पालुपद: "भावना बाजूला ठेवा. फॉल्ट कुठे आहे ते बघा." माझं प्रमोशन हुकलं तेव्हा मला हेच ऐकावं लागलं. ब्लॉकखालचं मांजर मेलं म्हणून माझी मुलगी रडत होती, तिलाही त्यांनी हेच सांगितलं. ती मुसमुसत इथल्या इंग्रजीत म्हणाली, "अंकल, कॅनॉट लाह." म्हणजे, नाही जमत. काकांनी खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला.

शेवडेकाकू तीन वर्षांपूर्वी मुलीच्या बाळंतपणासाठी नॉर्वेला गेल्या, त्या नातीपाशी तिकडेच राहिल्या. भांडणबिंडण काही नाही. रोज फोन होतो, काय जेवलात ते विचारलं जातं, पण परतीच्या तिकिटाचा विषय निघाला की काकूंना कुकरची शिट्टी ऐकू येते. असाच एकदा फोन चालू असताना त्या बोलून गेल्या, "अहो, या लोकांनी जुन्या घराची जमीन उखडून खालून हीटर घातलाय. सकाळी पाय खाली टाकला की इतकं बरं वाटतं! आपल्याकडे त्या गारठलेल्या फरशीवर पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत कळ जायची."

त्याच संध्याकाळी काका आमच्या दारात हजर. चेहरा उजळलेला.

"सापडला फॉल्ट! फरशी गरम केली की ही परत येते. सरळ हिशेब आहे."

माझी बायको मेधा म्हणाली, "काका, त्यापेक्षा एसीच बंद केला तर?"

हलवायाला साखर वर्ज्य करायला सांगितल्यावर तो बघेल तसं काकांनी तिच्याकडे पाहिलं. "भावना बाजूला ठेव, मेधा. मग मी झोपू कसा?"

आणि काका कामाला लागले. घरबांधणी मंडळाच्या नियमामुळे फरशीची जाडी फार वाढवता येत नव्हती. म्हणून जुन्या टाइल्स तशाच ठेवून त्यावर तारांची पातळ जाळी आणि वर नव्या टाइल्स, असं ठरलं. जाळी परदेशातून आली. टॅन नावाच्या कॉन्ट्रॅक्टरने कामाला सुरुवात करण्याआधी दोनदा फोन करून विचारलं, "अंकल, हीटिंग ऑर कूलिंग?" तिसऱ्यांदा तो स्वतः आला आणि खिडकीकडे बोट दाखवून म्हणाला, "यू वाँट हॉट, ओपन विंडो कॅन ऑलरेडी, लाह. फ्री!" काकांनी त्याला बसवून उष्णतेच्या वहनावर व्याख्यान दिलं. टॅनने मुकाट्याने काम करून टाकलं. कंटाळलेला माणूस कामाला बरा.

उद्घाटनाला मला बोलावणं आलं. काकांनी कॉरिडॉरमध्ये नारळ फोडला, माझ्या हातात खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि बेडरूममध्ये नेऊन बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. भिंतीवरचा थर्मोस्टॅट ढिम्म. टॅनला फोन लावायला निघालेले काका एकदम थबकले आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. काम चालू होतं म्हणून आठवडाभर एसी बंद होता. फरशी सिंगापूरच्या हवेनेच इतकी तापलेली होती की हीटरला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सगळा जन्म तापमानात घालवलेल्या माणसाच्या हे लक्षात येऊ नये! मी हसू दाबण्यासाठी खोबरं चावत राहिलो.

मग खिडक्या लावल्या, एसी सोळावर केला, आणि फरशी गरम व्हावी म्हणून ती गार होण्याची वाट बघत आम्ही दोघं शाली पांघरून पलंगावर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने थर्मोस्टॅटमधून टिक्‌ असा आवाज झाला. काका गुडघ्यांवर बसले आणि तळहात फरशीवर टेकवून लहान मुलासारखे हसले.

"ये, पाय ठेव."

मी पाय ठेवला. बर्फ.

"तिथे नाही रे! इकडे, पलीकडच्या बाजूला."

तेव्हा मला दिसलं. सगळ्या खोलीला जुनीच फरशी होती. पलंगाच्या पलीकडून बाथरूमच्या दारापर्यंत तेवढी एक पट्टी नवी.

"पहाटे ही या बाजूने उतरते," काका म्हणाले. "आणि इथून जाते. तेवढाच रस्ता केलाय. बाकी खोलीत मीच असतो."

त्यांनी लगेच व्हिडिओ कॉल लावला. काकूंना फरशी दाखवली, थर्मोस्टॅट दाखवला, टिक्‌ ऐकवायचा प्रयत्न केला. काकू आधी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या,

"अहो, माझ्या पायांचं काय घेऊन बसलात? अनयाला बालवाडीतून मीच आणते. ती माझ्याशिवाय झोपत नाही. मला आता नाही हो निघवत इथून."

काकांनी कॅमेरा पुन्हा फरशीकडे वळवला.

"तुम्हीच या ना इकडे," काकू म्हणाल्या. "किती वेळा सांगितलं."

"तिथे येऊन काय करू?" काका म्हणाले. "तिथली जमीन आधीच गरम आहे."

फोन संपला. 'भावना बाजूला ठेवा' म्हणायला त्या घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि मला ते म्हणवत नव्हतं. मी उठून दाराकडे निघालो.

"थांब," काका म्हणाले. ते पलंगाच्या आपल्या बाजूला, गार फरशीवर पाय सोडून, माझ्याकडे पाठ करून बसले होते. "जरा वेळ उभा राहा तिथे, त्या पट्टीवर. कुणीतरी उभं राहायला हवं ना. नाहीतर नुसतीच तापत राहते."

मी पायमोजे काढले आणि काकूंच्या जागेवर जाऊन उभा राहिलो.