स्टाफचा डबा

आमचे शेजारी लोहकरेकाका भेटल्यावर नमस्कार करत नाहीत. विचारतात, "स्टाफ जेवला का?"

स्टाफ म्हणजे आपल्या आतड्यातले उपयोगी जंतू. काका वीज खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांच्या लेखी पोट म्हणजे सबस्टेशन. "मेंदूले लाइन पोटातूनच जाते गा. स्टाफले फळांचा डबा नाही पोचला, का वर लोडशेडिंग!" एकदा सदरच्या बाजारात माझ्या स्कूटरची किल्ली हरवली. जाम वैतागून घरी आलो, तर काकांनी एवढंच विचारलं, "सकाळी पेरू खाल्ला होता?" नव्हता खाल्ला. चौकशी संपली.

ज्यूसवर त्यांचा भयंकर राग. सक्करदऱ्याला एका लग्नात ते काउंटरसमोर उभे राहून ज्यूसवाल्याकडे मोसंबीचा चोथा मागत होते. "काहून फेकून राहिला बे? स्टाफचं जेवण तर यातच आहे!" मी ओळख दाखवली नाही. त्यांनीच लांबून हाक मारली. चोथ्याची प्लेट दोघांत संपवावी लागली.

हा सगळा खटाटोप काकूंसाठी, हे आमच्या नंदनवनच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. दोन वर्षांपासून काकूंना विसर पडतोय. डॉक्टर म्हणाले, फळं पोटाला चांगली, पोट चांगलं तर डोक्यालाही थोडी मदत होत असेल, पण फार आशा ठेवू नका. काकांनी त्यातलं सोयीचं तेवढं घेतलं. दिवाळीच्या सुमाराची, आंबिया बहाराची संत्री संपली की पेरू, मग होळीच्या आसपास मृग बहाराची संत्री, उन्हाळ्यात पपई. फोड काकूंच्या हातात द्यायची आणि विचारायचं, "मी कोण वं?" बरोबर उत्तर आलं की दिवसभर गल्लीला भाषण.

परवा सकाळी मी सहज डोकावलो. काका पपईच्या फोडी घेऊन पलंगावर काकूंशेजारी बसले होते. काकूंनी एक फोड खाल्ली, पदर सावरला आणि काकांना अगदी अगत्यानं म्हणाल्या, "तुम्ही काहून तकलीफ केली जी? आमचे हे घरी नाहीत. येतीलच आता. भेटूनच जा."

मी दारातच थांबलो.

काका उठले. बशी काकूंजवळ ठेवली आणि समोरच्या, पाहुण्यांच्या खुर्चीत जाऊन बसले.

"बसतो ना जी," ते म्हणाले. "मले काही घाई नाही."